अण्णांनी न प्यालेलं पाणी

मी मातीची भांडी करतो असं सांगितलं की परतूरकडचे लोक आधी माझ्या हातांकडे बघतात, मग आडनाव विचारतात. आडनाव कुंभाराचं नाही हे कळलं की विषय बदलतात. जालन्यात माझ्या स्टुडिओला लागून लोखंडी सळयांचं गोदाम आहे. तिथला एक हमाल गेली सहा वर्षं मला न चुकता विचारतो, की बाथरूमच्या फरशा कधी निघणार. त्याला समजावणं मी सोडून दिलं आहे. पुण्यातल्या एका प्रदर्शनाच्या पत्रकात छापलं होतं, की या कलावंताच्या कामात मराठवाड्याची भूमी, लोककथा आणि स्मृती एकत्र नांदतात. ते वाक्य लोकांनी मला इतक्या वेळा वाचून दाखवलं, की पुढे मीच ते म्हणू लागलो.

खरं सांगायचं तर माती गुजरातेतून येते. गोण्यांमध्ये, ट्रकने. आमच्या रानातली काळी माती वाळतानाच तडकते आणि फार तापवली तर वितळून जाते, म्हणून मी तिचा फक्त लेप करतो. थोडी काळी माती, शहागडहून आणलेला गोदावरीचा गाळ, पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, राख. हे भांड्याला आतबाहेर लावून भट्टीत घातलं की त्याची काच होते. तपकिरी, मध्येच काळी, वैशाखातल्या रानासारख्या बारीक रेघा असलेली. माझी भूमी ती एवढीच, नखाएवढ्या जाडीची.

लोककथा अण्णांच्या. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी शेतकरी. आमच्या विहिरीत सात आसरा, पाण्यातल्या बाया, राहतात असं ते सांगत. विहिरीचं पाणी बोटभर उतरलं की म्हणत, "बाया पिऊन गेल्या." मोटार लावून उपसलं तरी हेच म्हणत. पाणी कमी झालं म्हणजे कोणीतरी प्यालं, ही आमच्या घरातली पक्की समजूत होती आणि आहे. त्या सात बाया मी मातीत केल्या, वर तोंड करून, आ वासलेल्या. अण्णा एकदा स्टुडिओत आले, हात मागे बांधून सातही जणींसमोरून फिरले आणि म्हणाले, "ह्यांना तहान लागल्याली दिसत न्हाई. जांभया दिऊन राह्यल्या." पुण्यात त्या बाया फार वाखाणल्या गेल्या. मला मात्र तेव्हापासून त्या जांभया देतानाच दिसतात.

उरली स्मृती. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

अण्णा दोन वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या दवाखान्यात वारले. मूत्रपिंडं थकली होती. दिवसाचं पाणी मोजून मिळायचं आणि ते संपलं की दुसऱ्या दिवसापर्यंत नाही. त्या दिवशी त्यांच्याजवळ मी एकटा होतो. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी पाणी मागितलं. त्या दिवसाचं संपलं होतं. मी "आणतो" म्हणालो आणि बाहेर आलो. आणायचं नव्हतंच, वेळ काढायचा होता. तेवढ्यात फोन वाजला. जालन्यात माझी भट्टी पेटलेली होती, एका मित्राच्या भरवशावर सोडून आलो होतो, आणि गॅस कधी बंद करायचा हे तो विचारत होता. मी जिन्यात उभा राहून त्याला ज्वाळेचा रंग विचारत राहिलो. किती वेळ, ते मला आजही धड सांगता येत नाही. परत गेलो तेव्हा अण्णांचा डोळा लागला होता. मला हायसं वाटलं. तेही लिहायलाच हवं. ते पुन्हा उठले नाहीत.

संध्याकाळी थोरला भाऊ आईला घेऊन आला. तिनं पहिलं विचारलं ते हेच. "पाणी पिऊन गेले ना रे?"

मी म्हणालो, "हो."

एकदा हो म्हटल्यावर ते मागे घेण्याची वेळ कधी आली नाही.

आमच्याकडे आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या पुरुषाच्या नावानं पाण्यानं भरलेलं मडकं मांडतात. पाटावर गव्हाची रास, राशीवर मडकं, आत वाळ्याची जुडी, गळ्याला पांढरं सूत, तोंडावर खरबूज. हे झाल्याशिवाय घरात आंब्याला हात लावत नाहीत. मडकं गावातल्या कुंभारमावशी आणून देतात. त्यांच्या सासूही आणून देत. आणि आमच्या घरात याला एक जोड आहे, जी शेजारच्या घरातही नाही. दिवेलागणीला आई खरबूज उचलून पाण्यात बोट घालते. पाणी खाली गेलेलं असलं म्हणजे माणूस येऊन पिऊन गेला. अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या आखितीला पाणी चार बोटं उतरलं. आई रडली आणि मग तिनं दोन वाट्या रस खाल्ला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला वाटलं, माझं खोटं कोणीतरी खरं करून दिलं.

त्याच भरात मी म्हणून गेलो, की पुढच्या वर्षी मडकं मी करणार.

वर्षभर मी त्या एका मडक्याच्या मागे होतो. दोन फुटली. तिसऱ्यावर मी आमच्या विहिरीच्या काठची माती लावली, अण्णा जिथे बसायचे तिथली. असा घाट मला पूर्वी कधी साधला नव्हता आणि पुढे साधेल असं वाटत नाही. गाडीत पुढच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, पट्टा लावून ते मी गावाला नेलं. भावानं त्यावर टिचकी मारली.

"हे तर घंटीवाणी वाजतंय."

"बाराशे अंशाच्या वर भाजलंय दादा. यातून एक थेंब झिरपणार नाही. बिलकुल नाही." हे मी सगळ्यांसमोर, अंगणात उभं राहून, स्वतःच्या तोंडानं म्हणालो. आईनं कौतुकानं मान हलवली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, एवढं देखणं मडकं, नजर लागंल."

तेवढ्यात कुंभारमावशी दारात आल्या, कमरेवर मडकं. वहिनींनी त्यांना सांगितलं, "मावशी, यंदा घरचंच हाय. भावजींनी केलंय." मावशींनी आपलं मडकं ओसरीच्या कोपऱ्यात टेकवलं. "आणलंच हाय तर ऱ्हाऊ द्या. मांडू नका, ठिवा." मी आत निघून गेलो. मला त्यांच्याकडे बघवलं नाही, पण आनंदही झाला होता. एकाच वेळी दोन्ही होऊ शकतं.

मडकं मांडलं. काठोकाठ भरलं. पुरणपोळ्या झाल्या, रस झाला. आईनं पोळी खाल्ली, रसाची वाटी बाजूला सारली. "ते प्याले की मी." दिवेलागणीला तिनं खरबूज उचललं, बोट घातलं, बोट बाहेर काढून बघितलं.

"तसंच हाय."

"येतील की," भाऊ म्हणाला. "लांबून यायचं हाय."

मला तेव्हाच कळलं. मावशींचं मडकं कच्च्या भाजणीचं, ते पाणी पितं, अंगातून घाम गाळतं, खालचे गहू ओले करतं. माझं मडकं काचेचं होतं. त्यात पाणी वर्षभर राहिलं असतं. हे मी सगळ्यांना सकाळीच सांगितलं होतं आणि कोणीही दोन गोष्टींचा संबंध जोडला नव्हता. कारण आमच्या घरात पाणी उतरण्याचा मडक्याशी काही संबंधच नव्हता.

सकाळीही पाणी तसंच. आईनं आपला पेला धुऊन मांडणीवर पालथा घातला आणि जाहीर केलं, "ते पेत न्हाईत तवर मी बी पाणी पेणार न्हाई."

तिचं वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी दोन वेळा, आणि वैशाखाचं ऊन. भाऊ हात जोडून उभा राहिला. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी बोललो नाही. पंधरा मिनिटांनी आईनं चहा मागितला.

"आई, चहात पाणी असतंय," भाऊ म्हणाला.

"चहात दूध असतंय."

मग घरात यावर खल झाला. चहा चालतो, कारण त्याला कोणी पाणी म्हणत नाही. ताक चालतं. पन्हं चालतं. कलिंगड चालतं, ते तर फळ आहे. वरणाचं काय, असं भावानं विचारलं तर आई म्हणाली, "वरण मी पेते का? खाते." वहिनींनी धोरणानं ताक पातळ करायला सुरुवात केली. दर पेल्याला थोडं जास्त पातळ. दुपारपर्यंत ते इतकं पातळ झालं की पेल्याचा तळ दिसायला लागला. आईनं पेला उजेडाकडे धरला.

"हे ताक न्हाई. हे पाणी हाय. मला फसवून राह्यली का?"

"न्हाई ओ आत्याबाई, दह्याला सत्त्वच न्हाई यंदा."

त्यानंतर आईनं ताकही बंद केलं.

मग कबुल्यांना सुरुवात झाली. अण्णा रागावले आहेत हे सगळ्यांनी धरून चाललं होतं, प्रश्न फक्त कोणावर इतकाच होता. पहिली पाळी वहिनींची. त्या चुलीपुढून उठल्या, मडक्यासमोर येऊन बसल्या आणि मडक्यालाच म्हणाल्या, "मामंजी, रेडिओ बिघडला न्हवता. सेल मीच काढून ठिवले व्हते. दिवसभर त्या बातम्या, माझं डोकं उठायचं." त्यांनी खरबूज उचलून बघितलं. पाणी तसंच.

"तो रेडिओ मी दोनदा परतूरला नेऊन दाखवला," भाऊ म्हणाला. "दुकानदार मला येड्यात काढून राह्यला व्हता." मग तो स्वतःच घुटमळला आणि म्हणाला, की अण्णांचं चांगलं धोतर त्यानं बुजगावण्याला नेसवलं होतं. ते जिवंत असतानाच. आणि अण्णा एकदा रानात येऊन त्या बुजगावण्यासमोर बराच वेळ उभे राहिले होते, पण काही बोलले नव्हते. हे सांगताना माझा भाऊ, पन्नाशी ओलांडलेला माणूस, मडक्याकडे बघायला धजत नव्हता. मडकं भरलेलंच.

दुपारी काका आले. अण्णांचे धाकटे भाऊ, त्यांचं रान आमच्या रानाला लागून. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टोपी काढून हातात धरली आणि मडक्यासमोर ताठ उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले, "धुरा मी कोरला. दरसाल नांगराची एक रेघ तुमच्या बाजूला सरकलो. पंधरा-वीस साल झाले असतील. आता म्हातारपणी खोटं कशाला."

शेताचा बांध कोरणं म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नव्हे, त्यावरून कोर्टात पिढ्या जातात. आई म्हणाली, "मला वाटतच व्हतं." भाऊ मात्र खाली बघत होता.

"काका," तो म्हणाला, "कोरला तर मी बी हाय. आपल्या बाजूनं. दरसाल."

मग दोघं दोरी घेऊन रानात निघाले, आणि दोरीचं एक टोक धरायला मला नेलं. भर उन्हात आम्ही जुन्या दगडापासून जुन्या दगडापर्यंत मोजलं. धुरा अण्णांच्या आजोबांनी घातला होता तिथेच होता. फक्त दोन्हीकडून कोरून कोरून इतका बारीक झाला होता की त्यावरून शेळीलाही एकामागं एक पाय टाकावा लागला असता. एक इंच जमीन इकडची तिकडे गेली नव्हती. काका त्याच्याकडे बघून म्हणाले, "मंग वीस साल आपण करून काय राह्यलो व्हतो?" दोघांनी फावडी घेतली आणि दोन्ही बाजूंनी धुऱ्यावर माती ओढत राहिले. मी दोरी गुंडाळून उभा होतो. परत आल्यावर हातपायही न धुता दोघांनी आधी मडकं बघितलं.

या सगळ्या वेळात मी एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. मडक्याला काच आहे, पाणी जाणार नाही. मी का बोललो नाही हे पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. एक कारण असं, की त्यांच्या कबुल्या चालू होत्या तोवर माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. भित्र्या माणसाला एवढं पुरतं. दुसरं कारण मला जास्त लाजवतं. मीच ते मडकं बघायला लागलो होतो. कोणी नाही असं बघून मी दोनदा खरबूज उचललं आणि बोट घातलं. मातीत किती पाणी मुरतं हे तोलून बघणारा माणूस मी. पण अण्णांना न पिण्याचं कारण होतं हे या घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंभारमावशी आल्या. गावात बातमी पसरलीच होती. त्या मडक्याजवळ बसल्या, बोट ओलं करून बाहेरून फिरवलं, वाकून खालचे गहू चिमटीत घेऊन बघितले. कोरडे ठणठणीत. मग उठून माझ्याजवळ दारात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ही तर बरणी हाय. पाणी जाईल कुठून?"

"मावशी, कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू. बाप तुमचा, माय तुमची." त्यांनी पदर सारखा केला. "पण म्हातारीच्या जिभेकडं बघा जरा. वाळून गेलीय."

त्या गेल्या आणि दहा मिनिटांत आई अंगणात रांजणाला धरून खाली बसली. पडली नाही, बसली, पण डोळे फिरले होते. आम्ही तिला उचलून बाजेवर ठेवलं, काकाही धावत आले. वहिनींनी पेला तोंडाशी नेला. आईनं दात आवळले.

तेव्हा मी बोललो. अर्धंच बोललो. लेप, काच, भाजणी, सगळं सांगितलं. अण्णा पाणी पीत नाहीत असं नाही, मडकंच पाणी जाऊ देत नाही. भाऊ माझ्याकडे अविश्वासानं बघत होता.

"म्हणजे मी धोतराचं उगंच बोललो?"

"अन् मी धुऱ्याचं?" काका म्हणाले.

आई डोळे मिटून पडली होती. "मडक्याचा काय संबंध?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "दाखवतो." ओसरीतलं मावशींचं मडकं आणलं, शेजारी गव्हाची दुसरी रास घातली, काठोकाठ भरलं. दोन मडकी शेजारी शेजारी, दोन्हीवर खरबूज. मग आम्ही पाचही जण समोर बसलो. शाळेत विज्ञानाच्या तासाला बसावं तसे. काका मध्येच पेंगत होते. बाजेवर आई एका कुशीवर, डोळे मडक्यांवर. तासाभरात मावशींचं मडकं गडद झालं, मग त्याच्या अंगावर ओल दिसू लागली, मग खालचे गहू फुगले. माझं मडकं चकाकत उभं होतं. मला आशा वाटायला लागली होती. नीट सिद्ध होत होतं सगळं.

दुपारी आई भावाच्या खांद्यावर हात टाकून उठली. मावशींच्या मडक्यात बोट घातलं. पाणी तीन बोटं खाली. माझ्या मडक्यात घातलं. जसंच्या तसं. ती परत बाजेवर येऊन बसली.

"बघितलं?" मी म्हणालो.

"बघितलं," आई म्हणाली. "आले. मावशीच्या मडक्यातलं प्याले. तुझ्या हातचं न्हाई प्याले."

"आई, तसं नाही. ती भाजणी…"

"भाजणी मला सांगू नको. दोन्ही मडके शेजारी हाईत. ह्यातलं प्याले, त्यातलं न्हाई." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तुझ्या हातचं का नको म्हणून राह्यले ते?"

माझ्याकडे याला शास्त्रीय उत्तर होतं, आणि खरं उत्तर होतं. मी खरं दिलं. सगळ्यांसमोर दिलं. आणतो म्हणालो ते, जिना, फोन, ज्वाळेचा रंग, डोळा लागलेला बघून हायसं वाटलं ते. आणि संध्याकाळचं हो.

मग काका हळूच भावाला म्हणाले, "हे धुऱ्यापरीस मोठं हाय." भावानं त्यांना कोपरानं ढोसलं.

आईनं विचारलं, "भट्टी कशी निघाली व्हती?"

खोटं बोलायची ती शेवटची जागा होती. सगळं तडकलं म्हणालो असतो तर तिला बरं वाटलं असतं, मलाही. "चांगली निघाली," मी म्हणालो. "आजवरची सगळ्यात चांगली."

ती भिंतीकडे बघत राहिली. तिच्या हनुवटीखालची कातडी हलत होती. मी उठून जायला हवं की बसून राहायला, मला कळेना. वहिनींनी पाण्याचा लोटा भरून तिच्या बाजेजवळ ठेवला आणि मागे सरकल्या.

"म्हणून तू त्या दिवसाचं कधी काही सांगत न्हाईस," आई म्हणाली. "दोन साल विचारून राह्यले मी. काय खाल्लं, काय बोलले. तू उठून जातोस."

ते खरं होतं. त्या दिवसाबद्दल एक प्रश्न आला की पुढचा पाण्याचाच येईल या भीतीनं मी उठून जात होतो. अख्खा दिवस मी दाबून ठेवला होता. अण्णांचा शेवटचा दिवस, आणि तो तिला कधी मिळालाच नव्हता.

"सकाळपासून सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"सगळं. उठले किती वाजता?"

मी सांगायला लागलो. उठले पाचला, सवयीनं. बिनसाखरेचा चहा आला तर म्हणाले, हा कोणी आजारी माणसाला द्या. नर्सबाई तक्त्यावर काही लिहीत होत्या, तर तो तक्ता हातात घेऊन त्यांना म्हणाले, अक्षर सुधारा, वेलांट्या सगळ्या पडायला आल्यात. नर्सबाईंनी खरंच ते पुन्हा लिहिलं. भाऊ हसला आणि आईकडे बघून गप्प झाला. पण आई हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत असताना.

मग मी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. तो हसनाबादकडचा होता, त्यालाही पाणी मोजूनच मिळत होतं. सकाळी नऊला त्या दोघांचं भांडण जुंपलं, की कोणाच्या गावच्या विहिरीचं पाणी गोड. दोघांच्या ओठांवर पापुद्रे आलेले, दोघांना बोलताना धाप लागत होती, आणि दोघंही मागे हटायला तयार नव्हते. तो म्हणाला, आमच्या विहिरीचं पाणी नुसतं पेलं तर जेवणाची गरज लागत नाही. अण्णा म्हणाले, आमच्या विहिरीचं एकदा पेलं की माणूस दुसऱ्या गावच्या पाण्यानं चूळसुद्धा भरत नाही.

"खोटं," आई म्हणाली. "आपल्या विहिरीचं पाणी खारट हाय. लगीन होऊन आले तवापासून सांगून राह्यले मी त्यांला. डाळ शिजत न्हाई त्यात."

तिनं हात खाली घालून बाजेजवळचा लोटा उचलला आणि वरून धार धरून प्याली. घोट घोट नाही, सलग. वहिनींनी भावाचा हात दाबला. काकांनी टोपी डोक्यावर घातली. आईनं लोटा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"हं," ती म्हणाली. "मंग तो हसनाबादचा काय म्हणला?"